पाव, पंगत आणि कॅनडातलं ताट



गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेत मेक्सिकोहून काही मुलं एक्स्चेंजवर आली होती. त्यातली एक पोरगी आठवडाभर आमच्याकडे राहिली. बायकोला टेन्शन, हिला करायचं काय? शेवटी वरणभात, भेंडीची भाजी आणि काकडीची कोशिंबीर केली. पाहुणीने कोशिंबीर तीनदा मागून घेतली. आणि एरवी "बाबा, डब्याला वास येतो" म्हणून पोळीभाजी परत आणणारी आमची लेक तिला वरणभात कसा कालवायचा ते शिकवत बसली! जे आम्हाला पाच वर्षांत जमलं नाही ते एका जेवणात झालं. मग रात्री जागून जरा खोदकाम केलं, ते मांडतोय.

चांगलं कसं खावं हे शिकवायचे कॅनडात दोन रस्ते दिसतात. पहिला कागदाचा. महायुद्ध चालू असताना, 1942 साली, सरकारने 'ऑफिशियल फूड रूल्स' काढले. दूध, फळं, भाज्या, धान्य, मांस-मासे आणि अंडी असे सहा गट. आजच्या फूड गाइडचं हे पहिलं व्हर्जन म्हणा. त्यामागचे मुख्य अधिकारी डॉ. लायोनेल पेट. कागद म्हणून उत्तमच.

पण याच पेटसाहेबांच्या देखरेखीखाली 1948 ते 1952 या काळात सहा रेसिडेन्शियल स्कूल्समधल्या सुमारे हजार आदिवासी मुलांवर आहाराचे प्रयोग झाले. मुलं उपाशी आहेत हे माहीत असूनही त्यांना पोटभर न देता तुलना करत बसले. अल्बर्नीच्या शाळेत तर दूध शिफारशीच्या निम्म्याहून कमी मिळत होतं, ते दोन वर्षं तसंच ठेवलं, का तर 'बेसलाइन' हवी म्हणून! ना मुलांना विचारलं, ना आईबापांना. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी 2013 साली हे सगळं प्रकाशात आणलं. आपण रोज टेस्टिंगमध्ये बेसलाइन हा शब्द वापरतो. हे वाचल्यापासून मला तो जड जातो.

दुसरा रस्ता एका ताटात बसण्याचा. क्युबेकचे लेखक-प्रकाशक झाक एबेर यांनी 1971 साली 'कॅनडा वर्ल्ड यूथ' सुरू केलं. इथली आणि दुसऱ्या देशातली मुलं मिळून काही महिने इकडे, काही महिने तिकडे, लोकांच्या घरी राहायची. जे घरात शिजेल ते खायचं. 1977 साली त्यांनी देशातल्या देशात तसंच 'कातिमाविक' काढलं. निरनिराळ्या प्रांतांतली मुलं एका घरात, आणि स्वयंपाकघर पाळीपाळीने. खर्चाला रोज एक डॉलर! 1986 साली सरकारने ते बंद केलं तेव्हा सिनेटर असलेल्या एबेरनी सिनेटच्या इमारतीतच 21 दिवस उपोषण केलं. मुलांनी एकत्र जेवावं म्हणून हा माणूस उपाशी बसला!

आता जरा आपल्याकडे बघा. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. सभासद बरेचसे शिकणारे तरुण. सभेत यायचं तर ख्रिश्चनाच्या हातचा पाव खायचा, ही परीक्षा. सगळा मामला गुपचूप. पुढे 1860च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि भीतीने सभाच मोडली. एका पावाच्या तुकड्याची केवढी दहशत! आज आपण ऑफिसात कुणाच्याही शेजारी बसून काहीही खातो, त्यामागे अशी घाबरलेली पोरं उभी आहेत.

गंमत म्हणजे कागदही आता पंगतीकडे वळलाय. 2019च्या कॅनडा फूड गाइडमध्ये एक ताट काढलंय. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, पाव भागात अख्खं धान्य, पाव भागात डाळी वगैरे प्रथिनं. दुधाचा वेगळा गट गेला, पिण्याला पाणी. आणि सोबत सल्ला: घरी जास्त वेळा रांधा, इतरांबरोबर जेवा. आजी हेच सांगायची, पण तिचं पीडीएफ नव्हतं.

तरी आपलंच ताट श्रेष्ठ म्हणून कॉलर ताठ करू नये असं मला वाटतं. आपल्याच पंगतीत कोण बसेल आणि कोण बाहेर थांबेल हे शेकडो वर्षं ठरलेलं होतं. आणि आपल्या घरी परक्या पोरांना जेवायला किती वेळा बोलावतो? मी बारा वर्षांत पहिल्यांदाच, तेही शाळेने पाठवली म्हणून.

पाहुणी गेली त्या सोमवारी लेकीने डब्यात पोळीभाजी नेली. मंगळवारी पुन्हा सँडविच. असो. पुढच्या शनिवारी वर्गातल्या चार मुली जेवायला यायच्यात, कोशिंबीर लेकच करणार आहे. तुमच्याकडे असं कुणी राहून गेलं असेल तर जरूर लिहा.

चू.भू.द्या.घ्या.