पटकी, ओलाउठा आणि १९५९ साल

परळ-लालबागच्या चाळीत वाढलेल्या आमच्या पिढीला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणजे सापाचे विष काढतात ती जागा, एवढेच ठाऊक होते. पुढे नोकरीनिमित्त कोलकात्यात आलो आणि कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तके धुंडाळण्याचा नाद लागला. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या फाटकावरून शेकडो वेळा गेलो असेन. परळची ती वास्तू आणि कॉलेज स्ट्रीटची ही वास्तू यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कधी मनात आले नाही.

तो संबंध कळला एका बंगाली सहकाऱ्यामुळे. भर उन्हाळ्यात पोट बिघडून मी ऑफिसातच आडवा झालो, तेव्हा त्याने ‘नून-चिनीर जॉल’ म्हणजे मीठ-साखरेचे पाणी करून घोट घोट पाजले आणि म्हणाला, “दादा, हे आमच्या कोलकात्याचं औषध बरं का!” मला आजीची आठवण झाली. तिचा धाकटा भाऊ पंढरपूरच्या वारीत पटकीने गेला. रात्री धडधाकट होता, दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. आजी ते सांगताना नेहमी एकाच वाक्याशी थांबायची, “पाणी पाणी करत होता, पण कुणी दिलं नाही.” पाणी दिले की उलट्या-जुलाब वाढतात, असा त्या काळी समज होता आणि तो अडाणी लोकांचाच होता असे नाही. चांगले शिकलेले डॉक्टरही पाणी तोडायला सांगत.

आपल्याकडची पटकी ती बंगालमधली ओलाउठा. ‘ओला’ म्हणजे खाली होणे आणि ‘उठा’ म्हणजे वर येणे. जुलाब आणि उलटी, एका शब्दात सगळे आले. आपल्याकडे गावोगावी मरीआईचे ठाणे, तर इथे हिंदूंची ओलाइचंडी आणि मुसलमानांची ओलाबीबी. पटकीचा जुना मराठी शब्द मोडशी. तो तर गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथातही थोड्या वेगळ्या रूपात सापडतो. म्हणजे रोग जुनाच, पण त्याने जगभर संचार सुरू केला तो १८१७ पासून. त्या वर्षी जेसोरला साथ उसळली. पेंढाऱ्यांवर आणि पाठोपाठ मराठ्यांवर चालून निघालेली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची फौज नोव्हेंबरमध्ये बुंदेलखंडात पटकीने अक्षरशः आडवी झाली. पेशवाई त्यामुळे वाचली नाही, हा भाग वेगळा. १८१८ मध्ये साथ मुंबईत पोहोचली.

जंतू नक्की कोणता, हे कोलकात्यातच ठरले. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख इजिप्तमधून डिसेंबर १८८३ मध्ये इथे आला आणि जानेवारी १८८४ मध्ये त्याने स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. बेलेघाट्याच्या ज्या तळ्याकाठी साथ आली होती, त्या तळ्याच्या पाण्यातही तो सापडला. कॉखने आणखी एक तर्क केला. जंतू रक्तात शिरत नाही, आतड्यातच राहतो, तेव्हा तो तिथे एखादे विष तयार करत असावा आणि माणूस त्या विषाने मरत असावा.

हा तर्क बरोबर होता, पण तो सिद्ध व्हायला ७५ वर्षे लागली. एक तर मोठ्या प्राण्यांना हा रोग नेहमीच्या मार्गाने होतच नाही, त्यामुळे प्रयोग करायचा कशावर, ही अडचण. दुसरे म्हणजे कॉखच्याच शिष्यपरंपरेतल्या फायफरने असे मांडले की विष जंतूच्या शरीराच्या आत असते आणि जंतू मेल्यावर बाहेर पडते. मग बहुतेकांनी मेलेले जंतू रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचून पाहिले. प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे! आतड्याचे अस्तर सोलून निघते म्हणून पाणी वाहते, असेही पाठ्यपुस्तके सांगत राहिली. दरम्यान हाफकिनने १८९४ साली कोलकात्याच्या बस्त्यांत पटकीची लस टोचली, मग प्लेग आला म्हणून तो मुंबईला गेला आणि परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले. लसीचा उपयोग झाला, पण विषाचे कोडे जिथल्या तिथे राहिले.

हे कोडे सोडवणारे डॉ. शंभुनाथ डे हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९१५ साली जन्मले. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १९३९ मध्ये डॉक्टर झाले, लंडनला सर रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि १९४९ मध्ये परत आले. सियालदाजवळच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात ते विकृतिशास्त्र शिकवत. सरकारी कॉलेजातली नोकरी, साधने बेताची. वॉर्डात मात्र पटकीचे रुग्ण हवे तेवढे.

डे यांनी विचार केला तो असा. रोग आतड्यात होतो, मग प्रयोग आतड्यातच करायला हवा. त्यांनी सशाला भूल देऊन लहान आतड्याचा काही इंच लांबीचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला. तुकडा कापून वेगळा केला नाही, त्याचा रक्तपुरवठा तसाच ठेवला. त्या बंद नळीत जंतूंचे द्रावण सुईने सोडले आणि शेजारच्या तशाच तुकड्यात जंतू नसलेले द्रावण. पोट शिवून ससा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिले तर जंतूंचा तुकडा पाण्याने टम्म फुगलेला आणि शेजारचा जसाच्या तसा. हा प्रयोग त्यांनी डी. एन. चॅटर्जी यांच्यासह १९५३ साली प्रसिद्ध केला. मी व्यवसायाने इंजिनीअर. एखाद्या यंत्राचा बिघाड शोधताना आपण तेवढाच भाग दोन्ही बाजूंनी बंद करून दाब बघतो, तसाच हा प्रकार. उपकरण म्हणावे तर दोरा, सुई आणि ससा. पण इतका नेटका आराखडा ७० वर्षांत कुणाच्या हातून झाला नव्हता, निदान टिकला तरी नव्हता.

पुढची पायरी सहा वर्षांनी आली. तोवर डे मेडिकल कॉलेजात आले होते. त्यांनी जंतू वाढवलेल्या द्रावणातून सगळे जंतू काढून टाकले आणि उरलेले निर्जंतुक पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडले. आतडे तसेच फुगले. जंतू एकही नाही, तरी रोग हजर! म्हणजे जंतू जिवंतपणीच विष बाहेर टाकतो आणि ते विष एकटेच सगळे करते. हा छोटासा लेख ३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये छापून आला.

आता परळ. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एन. के. दत्त याच प्रश्नामागे होते. १९५५ साली त्यांनी आणि हब्बू यांनी दूध पित्या सशाच्या पिल्लांमध्ये हुबेहूब माणसासारखी पटकी निर्माण करून दाखवली होती. आणि १९५९ मध्येच दत्त, पानसे व कुलकर्णी या तिघांचा लेख अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त आला. जंतूंपासून काढलेला विषारी अर्क पिल्लांच्या पोटात घातला की जिवंत जंतू नसतानाही तोच रोग होतो, असे त्यात दाखवले होते. एकाच वर्षी, एकाच देशात, दोन हजार किलोमीटरांच्या अंतरावर! कलकत्त्यात सगळे बंगाली आणि मुंबईत एक बंगाली अन् त्याच्याबरोबर पानसे-कुलकर्णी. मराठी माणसाची आठवण या शहराला १७४२ च्या बर्गींपासून आणि मराठा खंदकापासून आहे. ती पुसायला ही तीन नावे पुरेशी नाहीत, पण सांगायला बरी वाटतात. मात्र अभिमानाच्या भरात खरे झाकू नये. विष जंतूच्या बाहेर, द्रावणात असते, हे नि:संशय सिद्ध झाले ते डे यांच्या प्रयोगाने. मुंबईच्या प्रयोगाने त्याला पाठबळ मिळाले.

नंतर जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा या विषाच्या मागे लागल्या. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टीन आणि लोस्पॅलुटो यांनी ते शुद्ध केले. हे विष म्हणजे एक प्रथिन आहे. त्याचे पाच सारखे भाग कड्यासारखे जुळून आतड्याच्या पेशीला चिकटतात आणि सहावा भाग आत शिरून पेशीतले एक बटण ‘चालू’वरच अडकवून ठेवतो. मग पेशी क्षार बाहेर टाकत सुटते आणि क्षारामागून पाणी जाते. जबर आजारात तासाला लिटरभरसुद्धा! गंमत अशी की हे विष बनवण्याची जनुके जंतूची स्वतःची नव्हेतच. जंतूला लागण करणाऱ्या एका विषाणूने ती त्याला दिली, हे १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी दाखवले.

पण रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच. अस्तर सोलले जात नाही, पेशी शाबूत असतात. १९६० साली बँकॉकच्या रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासून याला दुजोरा मिळाला. त्याच वर्षी रॉबर्ट क्रेनने सांगितले की ग्लुकोज आणि सोडियम आतड्यात एकाच दाराने जोडीने आत शिरतात. पटकीचे विष हे दार बंद करत नाही. म्हणजे नुसते पाणी पाजले तर ते वाहून जाईल, पण साखर आणि मीठ प्रमाणात घालून पाजले तर ते आत जाईल. आजीच्या भावाला लागत होते ते हे पाणी.

मुळात हे करून पाहणारेही इथेच होते. डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच ग्लुकोज-मिठाचे पाणी पाजून बरे केलेल्या रुग्णांची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये दिली होती. उलटी थांबवायला ते पानओव्याचा रस देत. तेव्हा कुणी फारसे मनावर घेतले नाही. १९६८ साली ढाक्यात नॅलिन आणि कॅश यांनी मोजून-मापून चाचणी केली, तेव्हा कुठे डॉक्टरमंडळींची खात्री पटू लागली.

खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. १८१७ ची साथ जिथून निघाली त्याच जेसोरच्या रस्त्याने लोंढे बनगावला येत होते आणि छावण्यांत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातल्या केंद्रात होते. ते बनगावच्या रुग्णालयात पोहोचले तेव्हा दोन खोल्यांत माणसे फरशीवर पडलेली होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते आणि ते लावणारे हातही नव्हते. महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा एवढेच घेतले. केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या भरायच्या, प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवायची. बनगावला नळ बसवलेल्या पिंपात त्या विरघळवायच्या आणि नातेवाइकांच्या हातात पेला द्यायचा. आई मुलाला पाजते आहे, नवरा बायकोला. डॉक्टरांची गरज फक्त ज्यांची शुद्धच हरपली आहे त्यांच्यासाठी. याला कुणी संशोधन म्हणेल, कुणी हिशेबी कारभार. माझ्या लेखी ते उत्तम इंजिनीअरिंग आहे. छावण्यांत आधी तीस टक्क्यांच्या आसपास माणसे दगावत होती. या पद्धतीने साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या धीमान बरुआ यांनी हे काम स्वतः जाऊन पाहिले आणि पुढे जगभर नेले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीत सोड्याऐवजी सायट्रेट असते, पोटॅशियम वाढले आहे आणि २००२ पासून मीठ-साखर थोडी कमी केली आहे. मूळ कल्पना तीच.

मानसन्मानाचे काय? डॉ. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले आणि नंतर बोस इन्स्टिट्यूटमध्ये काम करत राहिले. १९७८ साली नोबेल फाउंडेशनने पटकीवरच्या परिसंवादासाठी त्यांना स्टॉकहोमला सन्मानाने बोलावले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी तर नोबेलसाठी त्यांचे नाव एकापेक्षा अधिक वेळा सुचवले होते. भारतातल्या एकाही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही. एप्रिल १९८५ मध्ये ते गेले आणि त्यानंतर पाच वर्षांनी ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये. आपल्याकडे पुरस्कार फार सावकाश चालतात, असे माझा तो सहकारी म्हणतो. मी त्याला दत्त, पानसे, कुलकर्णी यांच्याबद्दल सांगितले, तेव्हा त्याने वहीत नावे लिहून घेतली. दत्त त्याने आधी लिहिले, हे सांगायला नकोच.

गेल्या वर्षी मुंबईला गेलो असताना नातवाला घेऊन परळवरून चाललो होतो. हाफकिनच्या फाटकापाशी त्याने विचारले, “आजोबा, इथे साप असतात ना?” मी म्हटले, “हो. पण इथे ससेही होते.” मग घरी पोहोचेपर्यंत त्याला सशांची गोष्ट सांगावी लागली.