वैमानिक घरी परतला : एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ

आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलखात १९४२ साल म्हटले की पहिले नाव निघते ते माथेरानच्या हुतात्मा भाई कोतवालांचे. विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या दस्त्याची हकीकत आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही सांगता येते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्याच १९४२ च्या जानेवारीत हैदराबादचा एक अठरा वर्षांचा मुसलमान तरुण हवाई दलाचा गणवेश अंगावर चढवीत होता. राज्य इंग्रजांचे, युद्ध इंग्रजांचे आणि गणवेशही त्यांचाच. बरोबर चाळीस वर्षांनी तोच तरुण आपल्या महाराष्ट्राचा राज्यपाल झाला. त्यांचे नाव इद्रिस हसन लतीफ.

ही दोन नावे वर्गात एका दमात घेतली की मुले हमखास विचारतात, "सर, मग हे इंग्रजांच्या बाजूचे होते का?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून लतीफसाहेबांचे चरित्र सांगण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

त्यांचा जन्म ९ जून १९२३ चा, हैदराबादचा. शिक्षण तेथल्याच निजाम कॉलेजात. भारतीय हवाई दल त्या वेळी अवघे दहा वर्षांचे होते. १९३२ साली त्याची स्थापना झाली आणि १९३३ मध्ये चार 'वापिती' विमानांवर पहिले स्क्वॉड्रन उभे राहिले. वापिती म्हणजे दुहेरी पंखांचे, कापडाने मढवलेले, वरून उघडे विमान. त्याचा वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. युद्धाच्या धामधुमीत असल्याच जुन्या विमानांतून लतीफ कराचीच्या किनाऱ्यावर घिरट्या घालीत, समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या शोधीत. पुढे निवडक हिंदी वैमानिकांबरोबर त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. तेथे 'हरिकेन' आणि 'स्पिटफायर' ही लढाऊ विमाने ते शिकले. १९४४ साली मायदेशी परतल्यावर त्यांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध कामगिरी केली.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. जपानी फौजा ब्रह्मदेश गिळून आपल्या पूर्व सीमेला भिडल्या होत्या, ही एक गोष्ट. दुसरी अशी की, स्वतंत्र झालेल्या देशाला पहिल्याच दिवशी वैमानिक लागणार होते, आणि ते आकाशातून पडत नाहीत. १९४७ नंतर आपले हवाई दल चालवले ते याच युद्धात घडलेल्या माणसांनी. म्हणून भाई कोतवालांचे बलिदान तसूभरही उणे होत नाही. दोघांना एकाच तराजूत घालण्याची गरज नाही, एवढेच मी मुलांना सांगतो. काहींचे समाधान होते, काहींचे होत नाही.

माझ्या दृष्टीने लतीफ यांची खरी कसोटी युद्धानंतर लागली. फाळणीबरोबर सैन्यही वाटले गेले. मुसलमान अधिकाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. असगर खान आणि नूर खान हे त्यांचे हवाई दलातील सहकारी. दोघेही पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफ यांना पाकिस्तानात येण्याचा आग्रह केला. लतीफ यांनी नकार दिला. धर्म आणि देश या आपल्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. हे आज वाचायला सोपे वाटते. त्या वेळी त्यांचे स्वतःचे घर कोठे होते ते पाहा. हैदराबाद तेव्हा निजामाचे संस्थान, आपला मराठवाडाही त्यातच, आणि ते संस्थान भारतातही नव्हते, पाकिस्तानातही नव्हते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच ते भारतात सामील झाले. म्हणजे ज्या देशासाठी लतीफ यांनी मित्रांना नाही म्हटले, त्या देशात त्यांचे जन्मगाव एक वर्षाहून अधिक काळ नव्हतेच.

पुढची तीस वर्षे एकेक पायरी चढण्यात गेली. १ सप्टेंबर १९७८ रोजी हृषीकेश मुळगावकर यांच्याकडून त्यांनी हवाई दलप्रमुखपदाची सूत्रे घेतली. तिन्ही दलांपैकी कोणत्याही एका दलाचे प्रमुखपद भूषविणारे ते पहिले मुसलमान, आणि आजतागायत एकमेव. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७९ मध्ये, 'जग्वार' विमाने आली. निवृत्तीच्या सुमारास ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाणारे 'मिग-२५' दलात दाखल झाले, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या या माणसाने त्यातूनही उड्डाण केले. कापडाच्या वापितीपासून मिग-२५ पर्यंत, एकाच माणसाच्या नोकरीत!

१९८२ ते १९८५ ते मुंबईच्या राजभवनात होते. ती वास्तू त्यांच्या पत्नी बिल्कीस यांना नवी नव्हती. बिल्कीस यांचे वडील अली यावर जंग १९७० ते १९७६ आपले राज्यपाल होते. त्याआधी ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. वांद्र्याची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आज त्यांचेच नाव चालवते. राज्यपालांच्या पत्नीने समारंभांना हजेरी लावावी, फिती कापाव्यात, अशी आपल्याकडची रीत. बिल्कीस धारावीच्या झोपडपट्टीत जाऊन काम करू लागल्या. त्या लेखिकाही होत्या. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या संस्थेतल्या मुलींनी लतीफसाहेबांइतकेच त्यांचेही नाव लक्षात ठेवावे असे मला वाटते.

राज्यपालपदानंतर लतीफ फ्रान्समध्ये भारताचे राजदूत होते. बिल्कीस यांच्या आई फ्रेंच, त्यामुळे तो त्यांना आजोळचाच देश. १९८८ साली तेही काम संपले. एवढी पदे भूषविलेला माणूस दिल्लीत किंवा परदेशात सुखाने राहू शकला असता. हे दांपत्य हैदराबादला परतले आणि तेथेच समाजकार्यात रमले. बिल्कीस २०१७ मध्ये गेल्या. पाठोपाठ ३० एप्रिल २०१८ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, लतीफसाहेबांनी जन्मगावीच डोळे मिटले.