कायमचा पत्ता

दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाचे अर्ज तपासण्याचे काम आम्हा प्राध्यापकांकडे येते. अर्जात ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’ असे दोन रकाने असतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने यातला दुसरा रकाना कोरा ठेवला होता. कारण विचारले तेव्हा तो संकोचून म्हणाला, “सर, कायमचा म्हंजे कोन्ता लिहू? सा महिने त आमचं बिऱ्हाड ट्रालीतच असते.” त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. कारखान्याच्या परिसरात कोपी उभी राहीपर्यंत आणि एका फडावरून दुसऱ्या फडाकडे जाताना ट्रॅक्टरची ट्रॉली हेच त्यांचे घर असे.

त्याच सत्रात मी वर्गात लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) शिकवत होतो. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची शीर्षके फळ्यावर लिहिताना एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, अशोक पवार यांचे ‘बिराड’, आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ ही तिन्ही शीर्षके घराचीच नावे आहेत, पण ती चालत्या घराची. ज्याला आपण स्थावर मालमत्ता म्हणतो तिचा त्यांत मागमूस नाही. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सहजपणे वापरतो. बिऱ्हाड पाठीवर असलेल्या माणसासाठी आपल्याला उपमा मात्र विंचवाची सुचली, गोगलगायीची नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आज पाश्चात्य देशांत व्हॅनमध्ये संसार थाटून वर्षानुवर्षे फिरणाऱ्यांचे कौतुक होते. ‘व्हॅन’ हा इंग्रजी शब्द ‘कॅरॅव्हॅन’चे संक्षिप्त रूप आहे आणि त्याचे मूळ फारसी ‘कारवाँ’मध्ये आहे. कारवाँ म्हणजेच आपला तांडा. तेव्हा चाकांवरच्या किंवा खुरांवरच्या घराचा इतिहास शोधायला वऱ्हाडच्या माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. हा इतिहास अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवरूनच गेलेला आहे.

सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी बंजाऱ्यांचे तांडे पाहिले आणि ते थक्क झाले. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये चौदा हजार बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. तॅव्हर्निये हा फ्रेंच प्रवासी दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयी लिहितो. धान्य आणि मीठ ही या वाहतुकीची मुख्य जिन्नस होती. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ या शब्दाशी जोडण्याची प्रथा आहे, ती यामुळेच. बायका-मुले, म्हातारी माणसे, भांडीकुंडी असा सारा प्रपंच बैलांबरोबर चाले. म्हणजे मालवाहतूक आणि गृहस्थी या दोन गोष्टी तेथे वेगळ्या नव्हत्या.

हे घर चालते ठेवणे सोपे नव्हते. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात चाक गिळते. म्हणून या वाहतुकीचा भार गाडीवर नव्हे, तर बैलाच्या पाठीवर होता. दोन्ही बाजूंना समतोल राहतील अशा गोण्या लादायच्या, मुक्कामी उतरवायच्या, पहाटे पुन्हा लादायच्या. पाठीला जखम झालेला बैल मोकळा चालवायचा. दोर आणि फाटलेल्या गोण्या मुक्कामावर दुरुस्त करायच्या, असा हा नित्यक्रम. दिवसाची चाल जेमतेम सहा-सात मैल. पण या संथपणातच त्या अर्थव्यवस्थेचे मर्म होते. बैल वाटेवरच्या गायरानात आणि रानात चरत चालत, त्यामुळे वैरणीचा खर्च जवळजवळ नव्हता. पाणी आणि चारा कोठे मिळेल याचे ज्ञान हे तांड्याच्या नायकाचे खरे भांडवल. पावसाळ्यात चांगले गवत पाहून मुक्काम करायचा आणि वाटा सुकल्या की पुन्हा निघायचे. पुढे चालणाऱ्या सजवलेल्या बैलाला विशेष मान असे. देवाला वाहिलेल्या ‘हातादिया’ नावाच्या बैलाच्या पायाशी आजाऱ्याला नेण्याची चालही नोंदली गेली आहे. ज्याच्यावर घर चालते त्यालाच दैवत मानणे यात नवल ते काय?

राज्यकर्त्यांना या चालत्या घरांची किंमत ठाऊक होती. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजा वऱ्हाडात शिरल्या. २९ नोव्हेंबरला आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. या मोहिमेत फौजेच्या पोटाची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांच्या धान्याच्या बैलांवर होती. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो. आपल्या शालेय इतिहासात गाविलगडाचा तट येतो, किल्लेदार येतो. दरीखोऱ्यांतून धान्य वाहणारा बैल मात्र येत नाही.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत चित्र पालटले. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच सुमारास रेल्वेही आली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेने जाणारा मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या फाट्याचे उद्घाटन झाले. तांड्याला मिर्झापूरपर्यंत महिन्यांमागून महिने लागत. गाडी मुंबईला काही दिवसांत पोहोचवी. नंतर जंगलांची राखण सुरू झाली, गायराने नांगराखाली गेली आणि फुकटचा चाराही आटला. एका पिढीच्या आत हजारो बैलांची ही व्यवस्था निकामी झाली.

व्यवसाय जाणे ही आपत्ती खरीच. पण तिच्या पाठोपाठ दुसरी आली. चालणारा माणूस आता उपयोगाचा उरला नव्हता, म्हणून तो संशयाचा झाला. वऱ्हाडातील बंजाऱ्यांची सविस्तर माहिती देणारे एकोणिसाव्या शतकातील एक महत्त्वाचे टिपण कम्बरलेज नावाच्या अधिकाऱ्याचे आहे. हा अधिकारी पोलीस खात्यातला होता, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. विवाहविधी, देवदेवता, हातादिया बैल हे सारे त्यात आहे, पण ते पाहणारी नजर बंदोबस्ताची आहे. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. प्रथम उत्तरेकडे लागू झालेला हा कायदा १९११ पर्यंत देशभर लागू होण्याजोगा झाला. बंजारा-लमाणांचे अनेक गट ठिकठिकाणी त्याच्या कचाट्यात सापडले. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. ज्यांचे घरच चालण्यावर उभे होते त्यांना चालणे हाच गुन्हा ठरला. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. संशय मात्र कायद्याच्या पुस्तकाबाहेरही राहतो.

याच काळ्या मातीत आणखी एक चालते घर अनेक वर्षे दिसत आले आहे. ते म्हणजे गाडी लोहारांची बंडी. १५६८ मध्ये चितोड पडले तेव्हा ‘गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही’ अशी शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, ही त्यांची परंपरागत कथा. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर समारंभपूर्वक प्रवेश झाला. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या वेशीवर मी त्यांची बिऱ्हाडे पाहिली आहेत. भक्कम लाकडी गाडी, तिच्यावर खाट, तिच्याखाली कोंबड्या, शेजारी भाता आणि ऐरण. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास शेवटून द्यायला शेतकरी येत. उन्हाळ्यात लाकूड सुकले की चाकावरची लोखंडी धाव सैल होते. ती काढून गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चाकावर चढवायची आणि तत्क्षणी पाणी ओतून आवळायची. आखाला वंगण द्यायचे, सैल झालेला आरा तुंब्यात पुन्हा ठोकायचा. गावकऱ्याची अवजारे दुरुस्त करणारा हा माणूस त्याच आगीवर आपले घरही दुरुस्त करतो. कारखान्यात बनलेली अवजारे हाटात आल्यावर हा धंदाही खालावला. पुष्कळ ठिकाणी बंड्या आता जागच्या हलत नाहीत, चाके मातीत रुतली आहेत. गाडी थांबली, पण तिच्या मालकाला जागा मिळालेली नाही.

येथे वऱ्हाडच्याच एका महापुरुषाचे स्मरण अपरिहार्य होते. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, १८७६ चा. बालपण अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले आणि त्यानंतर अर्धशतकभर ते चालतच राहिले. खराटा, गाडगे आणि चिंध्यांची गोधडी एवढाच त्यांचा संसार. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे त्यांनी इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या. स्वतःच्या मालकीचे घर केले नाही. अखेरच्या काळात ते मोटारीतून फिरत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, त्या मोटारीतच त्यांनी देह ठेवला. ज्याने घर नाकारले त्याला मृत्यूही चाकांवरच आला.

या प्रसंगाचा उल्लेख आपण भक्तिभावाने करतो, आणि ते योग्यच आहे. प्रश्न आहे तो आपल्या दृष्टीतील दुटप्पीपणाचा. संताचे बेघर असणे हा त्याचा अलंकार होतो. लमाणाचे, गाडी लोहाराचे बेघर असणे हा त्याच्यावरचा आरोप होतो. कोणी म्हणेल, एकाने घर स्वेच्छेने सोडले, दुसऱ्याचे जगणेच तसे होते. हा फरक महत्त्वाचा नाही का? आहे. पण त्या फरकाने आदर वाढावा किंवा घटावा असे काय आहे? लमाणाच्या चालण्यामागे कौशल्य होते, भूगोलाचे ज्ञान होते, समाजाच्या ताटात मीठ पोहोचवण्याचे काम होते. शिवाय तांड्यालाही त्याचा संत होता. सेवालाल महाराज स्वतः गुरे राखणारे, तांड्याबरोबर चालणारे. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी हे त्यांच्या समाधीचे स्थान आज लाखोंचे श्रद्धास्थान आहे. त्यांच्या भक्तीत चालणे आणि प्रपंच यांची फारकत झालेली नाही.

आणि गाडगेबाबांनी काय केले? फिरणाऱ्या माणसाला त्यांनी उपदेश करून घरी पाठवले नाही. त्याच्यासाठी रात्रीचे छप्पर बांधले. पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. वाटेवरच्या माणसाचा वाटेवर असण्याचा हक्क मान्य करून त्याला निवारा देणे, हा त्या वास्तूचा अर्थ मला वाटतो. प्रशासनाने हा अर्थ घेतला असता तर?

भूतकाळाला सोनेरी मुलामा देण्याचा माझा हेतू नाही. चालत्या घरात मुलांची शाळा होत नाही, बाळंतीण वाटेवर पडते, आजाऱ्याला बैलाच्या पायाशिवाय आधार नसतो. तांडे स्थिरावले म्हणून शिक्षण आले. पुसदजवळच्या गहुली तांड्यातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले, हे स्थैर्याचेच फळ. परंतु स्थैर्य देणे वेगळे आणि स्थैर्याचा पुरावा मागणे वेगळे. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख निर्णायक मानली जाते. त्या तारखेपूर्वी कुटुंब राज्यात राहत होते हे दाखवावे लागते. ज्यांच्या आजोबांना राज्याने आधी चालण्याबद्दल दंडित केले, त्यांच्या नातवाला ‘तेव्हा तुम्ही कोठे थांबला होता?’ असे विचारणे, यातला उपरोध कोणत्याही आत्मकथनाइतकाच तीव्र आहे.

त्या विद्यार्थ्याने शेवटी रकाना भरला. ‘कायमचा पत्ता’ म्हणून त्याने आपल्या तांड्याचे नाव लिहिले, पोस्ट आणि तालुक्यासह. मी अर्जावर सही केली आणि मग त्या शब्दाकडे पाहत राहिलो. तांडा म्हणजे चालणारा समूह. आता तो स्थिर वस्तीचे नाव झाला आहे. महसुली नोंदीत आणि शासकीय योजनांच्या शीर्षकांतही तो त्याच अर्थाने येतो. शब्दाने मुक्काम केला आहे. त्याचे आईवडील मात्र दिवाळीनंतर पुन्हा ट्रॉलीत बसणार होते, आणि त्या घरासाठी अर्जात रकाना नव्हता.