रोमन शाळेतला निबंध आणि त्याचा सांगाडा

दोन सख्खे भाऊ. दोघांत हाडवैर. एकाला मुलगा आहे, दुसरा निपुत्रिक. पुढे निपुत्रिक भाऊ दारिद्र्यात पडतो आणि पुतण्या बापाची आज्ञा मोडून काकाला अन्न पुरवतो. संतापलेला बाप मुलाला घराबाहेर काढतो, काका त्याला दत्तक घेतो. मग काळ फिरतो. काकाला वारसाहक्काने संपत्ती मिळते आणि बाप भिकेला लागतो. मुलगा आता काकाची आज्ञा मोडून बापाला जेवू घालतो. काकाही त्याला घराबाहेर काढतो. कायदा असा की, आईबापांचे पोषण न करणाऱ्या मुलाला कैद व्हावी.

आता मुलाची बाजू मांडा. ती मांडून झाली की काकाचीही मांडा.

भाऊबंदकीची ही कथा आपल्याकडच्या एखाद्या वाड्यातली वाटेल, पण हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधला शाळेचा अभ्यास आहे. व्याकरणाचे शिक्षण संपवून वक्तृत्वशाळेत आलेल्या किशोरवयीन मुलांना असे काल्पनिक खटले घातले जात. लॅटिनमध्ये या प्रकाराला ‘कोंट्रोव्हर्सिया’ म्हणत. दुसरा प्रकार ‘स्वासोरिया’. त्यात इतिहासातील एखादी व्यक्ती निर्णयाच्या उंबरठ्यावर उभी असे आणि विद्यार्थ्याने तिला सल्ला द्यायचा असे. वादात्मक निबंधाची आखणी पद्धतशीरपणे कशी शिकवली जाई, याचे फार तपशीलवार चित्र या शाळांमधून आपल्या हाती आले आहे.

ते आले एका म्हाताऱ्याच्या स्मरणशक्तीमुळे. थोरला सेनेका, म्हणजे प्रसिद्ध तत्त्वज्ञ सेनेकाचा पिता, स्पेनमधील कॉर्दोबाचा. तरुणपणी दोन हजार नावे ऐकून त्याच क्रमाने परत म्हणून दाखवत असे, असे तो स्वतःच सांगतो. (आत्मप्रौढीचे थोडे वजन वजा करून घ्यावे.) वार्धक्यात त्याने आपल्या तीन मुलांसाठी, ऐन उमेदीत ऐकलेल्या वक्त्यांची व शिक्षकांची भाषणे आठवून लिहून काढली. प्रत्येक विषयाखाली तीन गोष्टींची नोंद करण्याची त्याची पद्धत होती: चमकदार वाक्ये, बचावासाठी घटनेला दिलेला रंग, आणि ‘दिविसिओ’, म्हणजे विषयाची विभागणी. हा तिसरा भाग म्हणजेच आपण ज्याला निबंधाचा आराखडा म्हणतो तो.

काका-पुतण्याच्या खटल्याची पोर्किउस लात्रोने केलेली विभागणी पाहा. लात्रो हा सेनेकाचा बालमित्र आणि त्या काळातील अग्रगण्य शिक्षक. त्याने प्रथम दोनच प्रश्न केले. या मुलाला घराबाहेर काढता येते का? आणि येत असले, तरी काढावे का? पहिला प्रश्न कायद्याचा, दुसरा न्यायबुद्धीचा. मग पहिल्याच्या पोटात उपप्रश्न: कायद्याने भाग पाडलेल्या कृत्याबद्दल शिक्षा होऊ शकते का? दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याच्या बाबतीत कायद्याने मुलगाच राहतो का? दुसऱ्याच्या पोटातही तसेच: बाप पोसण्याच्या योग्यतेचा होता का? नसला, तरी मुलाने केले ते योग्यच का?

यातील ‘असला तरी’, ‘नसला तरी’ हे शब्द लक्षात घ्या. रोमन आराखड्याचा सारा जीव त्यात आहे. प्रत्येक पायरीवर प्रतिपक्षाला एक पाऊल जमीन सोडायची आणि पुढच्या पायरीवर पुन्हा उभे राहायचे. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत याला ‘तुष्यतु दुर्जनन्याय’ म्हणतात: वादापुरते तुझे म्हणणे मान्य, तरीही तू हरतोसच. दोन परंपरांचा परस्परसंबंध सुचवण्याचा इथे हेतू नाही. मात्र पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची सवय असलेल्या वाचकाला लात्रोचा वर्ग परका वाटणार नाही.

क्रमालाही अर्थ असे. अलेक्झांडर महासागराच्या काठावर उभा आहे, त्याने पलीकडे जहाजे लोटावीत का? या स्वासोरियासाठी केस्तिउस पिउस या शिक्षकाचा आराखडा असा: महासागर ओलांडता येत असला, तरी ओलांडू नये. कीर्ती पुरेशी झाली. जिंकलेल्या मुलखाची घडी बसवायची आहे. सैनिक विजयांनी थकले आहेत. आईचा विचार कर. आणि हे सगळे झाल्यावर शेवटी: मुळात महासागर ओलांडताच येत नाही!

तर्काच्या दृष्टीने हा क्रम उफराटा आहे. अशक्यतेचा मुद्दा सिद्ध झाला तर बाकीच्यांची गरजच उरत नाही. पण केस्तिउसनेच म्हटले होते की, स्वतंत्र नगरात मत द्यायची रीत वेगळी आणि राजासमोर द्यायची वेगळी. राजाला हिताचे सांगायचे तेही त्याला गोड लागेल असे. अलेक्झांडरला पहिल्याच वाक्यात ‘हे तुला जमणार नाही’ म्हणणे म्हणजे त्याला जहाजात ढकलणेच होय, असे मला वाटते.

इ.स. च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनने वक्तृत्वशिक्षणावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा सातवा भाग मांडणीला वाहिलेला आहे. वादाचे मूळ सापडल्याखेरीज मांडणी करता येत नाही, म्हणून आधी तीन प्रश्न विचारायचे: गोष्ट घडली का? घडली ती नेमकी काय आहे? ती योग्य की अयोग्य? याचे शाळकरी उदाहरण ठरलेले असे. कोणी मंदिरातून खासगी मालकीचे पैसे चोरले. चोरी कबूल आहे. मग वाद कशाचा? ती साधी चोरी की देवस्वाचा अपहार, एवढ्याचाच. ज्या विद्यार्थ्याने ‘चोरी झालीच नाही’ यावर पाने खर्च केली, त्याचा निबंध पहिल्याच ओळीत वाया गेला.

आराखडा गुरूने किती द्यावा, यावरही तेव्हा मतभेद होते. काही शिक्षक विभागणी करून देत, वर प्रत्येक मुद्दा फुलवूनही दाखवत. काही केवळ रेघा ओढून देत आणि राहिलेले नंतर सांगत. क्विंटिलियनचे उत्तर वयावर अवलंबून आहे. नवख्याला पाऊलवाट आखून द्यावी, पुढे फक्त दिशा दाखवावी, शेवटी सोडून द्यावे. दाखला पक्ष्यांचा: पक्षीण आधी चोचीतून चारा भरवते, मग घरट्याभोवती उडायला शिकवते, मग आकाश मोकळे.

लात्रोची एक सवय सेनेकाने नोंदवली आहे. भाषणाला उभे राहण्यापूर्वी तो बसल्याबसल्या आपले सगळे प्रश्न श्रोत्यांसमोर मांडून टाकी. हातचे पत्ते उघडे करून खेळायला बसण्यासारखेच हे. पुढे भाषण इतके भरघोस होई की खालचा पाया दिसतच नसे. मात्र हाच लात्रो स्पेनमध्ये एका नातेवाइकाच्या खऱ्या खटल्यात उभा राहिला, तेव्हा उघड्या आकाशाखाली इतका गोंधळला की पहिल्याच वाक्यात व्याकरण चुकला, आणि न्यायालय भिंती-छपराच्या इमारतीत हलवल्यावरच सावरला. शाळेतील वादपटूंची खिल्ली उडवणाऱ्यांना यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण होते.

शाळेच्या विषयांत समुद्री चाचे आणि जुलमी राजे यांची रेलचेल असे. यावर पेत्रोनिउस आणि टॅसिटस दोघांनीही टीका केली आहे. पण हे विषय सर्वस्वी निरुपद्रवी नव्हते. इ.स. ३९ मध्ये सम्राट कॅलिगुलाने कारिनास सेकुंदुस या वक्तृत्वशिक्षकाला हद्दपार केले. गुन्हा एवढाच की, सरावाच्या भाषणात तो जुलमी राजांविरुद्ध बोलला होता. पुढे डोमिशियनच्या काळात मातेर्नुस नावाच्या शिक्षकाला अशाच सरावासाठी प्राण गमवावे लागले. दोन्ही नोंदी इतिहासकार डिओ कासिउसच्या आहेत.

दोन्ही बाजू मांडण्याच्या शिस्तीलाही मर्यादा होत्या. एक स्वासोरिया अशी: अँटनीने सिसेरोला वचन दिले आहे की, ग्रंथ जाळलेस तर जीव वाचेल. सिसेरोने काय करावे? (प्रत्यक्षात त्याची हत्या इ.स.पू. ४३ मध्ये झाली. ग्रंथ जाळण्याची अट ही शाळेची कल्पना.) सेनेका म्हणतो, ‘जाळ’ असा सल्ला देणारा एकही वक्ता त्याला ठाऊक नाही. सगळ्यांना काळजी पुस्तकांची. सिसेरोची कोणालाच नाही.

सेनेकाच्या मुलांना मात्र आराखड्यात रस नव्हता. त्यांना चमकदार वाक्ये ऐकायची होती, आणि त्यावेगळे काही सांगितले तर ते कंटाळतील हे बाप जाणून होता. तरीही त्याने विभागण्या मधूनमधून घातल्याच. त्याच्या कोंट्रोव्हर्सियांच्या दहा भागांपैकी आज पाचच मूळ रूपात उरले आहेत. उरलेल्या पाचांचा केवळ संक्षेप मिळतो. तो करणाऱ्याने मुख्यतः वाक्ये ठेवली आणि आराखडे गाळले.