दालार्नाची पलटण

पलटण म्हटली म्हणजे बराकींची रांग, कवाइतीचें मैदान आणि फाटकावर उभा असलेला पहारेकरी, असें चित्र डोळ्यांपुढें येतें. स्वीडनमधील दालार्ना प्रांताची पायदळ पलटण मात्र दोन शतकांहून अधिक काळ बराकींवांचून नांदली. तिचे शिपाई खेड्यापाड्यांत राहत, शेत नांगरीत, लांकडें तोडीत आणि रविवारीं शेजाऱ्यांबरोबर चर्चला जात. लेक्सान्द, रेत्विक, मोरा, ऊर्सा, गाग्नेफ हीं त्या प्रांतांतील गांवांचीं नांवें. आणि पलटणीच्या कंपन्यांचीं नांवेंही हींच. एखादी कंपनी कामास आली म्हणजे तेवढ्या मुलखांतील घरें एकदम ओसाड होत.

दालार्ना म्हणजे खोरीं. सिल्यान सरोवराभोंवतीं पसरलेल्या या डोंगराळ प्रांतांतील लोक स्वभावानें मानी. १५२० च्या हिवाळ्यांत डेन्मार्कच्या राजाविरुद्ध मदत मागत गुस्ताव वासा हा तरुण सरदार मोऱ्याला आला. याच शेतकऱ्यांनीं त्याला साथ दिली आणि १५२३ मध्यें तो स्वीडनचा राजा झाला. पुढें कर आणि चर्चच्या घंटा यांवरून याच लोकांनीं त्याच्याशींही भांडण मांडलें, आणि त्यानें तें निर्दयपणें मोडून काढलें. राजाला गादीवर बसविणारे आपण, तेव्हां त्याला चार शब्द ऐकविण्याचा अधिकारही आपलाच, ही समजूत कांहीं त्यांच्या मनांतून गेली नाहीं.

सतराव्या शतकाच्या आरंभीं राजा गुस्ताव अडॉल्फ यानें प्रांतवार पलटणी उभ्या केल्या, त्यांत ही एक होती. प्रथम सक्तीची भरती असे. गांवांतील पुरुषांची मोजणी होई, आणि त्यांतून उचलून नेलेला तरुण बहुधा परत येत नसे. या जाचांतून सुटण्याकरितां शेतकऱ्यांनीं सरकारशीं करार केला. दालार्ना या बाबतींत इतर प्रांतांच्या पुढें होता. पुढें ११ व्या कार्ल राजानें १६८२ पासून ही पद्धति बहुतेक सर्व देशाला लागू केली. कांहीं शेतांचा मिळून एक गट करावयाचा, त्याला ‘रोट’ म्हणत. प्रत्येक रोटानें एक शिपाई पोसावयाचा. त्याला झोंपडी व जमिनीचा तुकडा किंवा त्याऐवजीं रोख वेतन द्यावयाचें, आणि त्याच्या मोबदल्यांत शेतकऱ्यांचीं मुलें भरतींतून मोकळीं राहावयाचीं. आपल्याकडील वतनाची आठवण करून देणारी ही व्यवस्था; भेद इतकाच कीं, येथें वतन देणारा राजा नव्हे, तर गांव.

अँडर्सचा मुलगा अँडर्स अशा नांवांचा सुळसुळाट असल्यामुळें शिपायाला पलटणींत एक आटोपशीर नांव मिळे: रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धीट, स्वेर्द म्हणजे तलवार. पुष्कळदां हें नांव माणसाचें नसे, रोटाचें असे. एक रास्क पडला कीं त्याच्या जागीं येणारा दुसराही रास्कच.

करारांतील मेख येथेंच होती. शिपाई मेला तर रोटानें दुसरा द्यावयाचा. शांततेच्या काळांत हें कलम कोणाला जाचलें नाहीं. मग १७०० मध्यें १२ व्या कार्लचें महायुद्ध सुरू झालें. नार्वाच्या विजयांत ही पलटण होती. १७०९ च्या उन्हाळ्यांत ती युक्रेनमधील पोल्टाव्हापुढें उभी होती. तेथें रशियन लोकांनीं वाटेंत मातीचे बुरूज रचले होते. सेनापति रूस याच्या हाताखालील तुकड्या, आणि त्यांत दालार्नाचे लोक, एका बुरुजावर पुनःपुन्हा तुटून पडल्या. बाकीचें सैन्य पुढें निघून गेलें. हे मागें राहिले, वेढले गेले. सुमारे २६०० पैकीं शेवटीं शरण येण्यास ४०० च्या आसपास उरले. पलटणीचा कर्नल सीग्रोथ जबर जखमी झाला, व त्यांतच त्याचा अंत झाला. कैद्यांपैकीं जे जगले त्यांतील अनेकांना घर दिसण्यास १७२१ च्या तहाची वाट पाहावी लागली.

सरकारनें रोटांकडे नवीं माणसें मागितलीं, आणि रोटांनीं तीं दिलीं. ही दुसरी पलटण १७१२ च्या डिसेंबरांत उत्तर जर्मनींतील गाडेबुश येथें विजयी झाली, आणि पुढच्याच वर्षीं टोनिंग येथें सेनापति स्टेनबॉकच्या सैन्याबरोबर कैद झाली. रोटांनीं तिसरी पलटण उभी केली.

१७४१ मध्यें ‘हॅट’ पक्षानें पुन्हा रशियाशीं युद्ध काढलें. फिनलंडमध्यें पराभव झाला, रोगराईनें छावण्या रिकाम्या केल्या, आणि १७४२ मध्यें हेलसिंगफोर्स येथें सेनापतींनीं हत्यारें खालीं ठेविलीं. दालार्नांत घरोघरीं सुतक. आणि त्यावर माणसांची मागणी! आतां मात्र शेतकऱ्यांनीं हिशेब मागण्याचें ठरविलें. या नाशाला जबाबदार असलेल्या सेनापतींना शासन करावें आणि गादीचा वारस म्हणून डेन्मार्कच्या राजपुत्राला निवडावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १७४३ च्या जूनमध्यें साडेचार हजारांवर लोक शस्त्रें घेऊन राजधानीकडे चालूं लागले. राजा फ्रेडरिक स्वतः समजूत घालण्यास गेला. त्याचें त्यांनीं ऐकलें नाहीं. ते स्टॉकहोममध्यें शिरले आणि भर चौकांत ठाण मांडून बसले.

२२ जून रोजीं सायंकाळीं त्यांच्यावर तोफा सुटल्या. मेलेले व जखमी मिळून सुमारे १४० झाले, तीन हजारांच्या आसपास पकडले गेले, आणि त्यांतील कित्येक तुरुंगांतच मेले. दुसऱ्याच दिवशीं रशियाच्या पसंतीचा अडॉल्फ फ्रेडरिक वारस निवडला गेला. सेनापति बुडेनब्रॉक व लेव्हेनहाउप्ट यांचा शिरच्छेद मात्र त्याच उन्हाळ्यांत झाला. म्हणजे शेतकऱ्यांची एक मागणी मान्य झाली होती. ती करणारे तेवढे कोठडींत होते, आणि त्यांच्या पुढाऱ्यांना १७४४ मध्यें देहान्ताची शिक्षा मिळाली. स्वीडिश इतिहासांत या प्रसंगाला ‘थोरला दाल-नाच’ म्हणतात. हें नांव दालार्नाच्या माणसानें ठेविलें असेल असें वाटत नाहीं.

पलटण त्यानंतरही राहिली. १७८८ मध्यें डेन्मार्कनें स्वारी केली तेव्हां राजा ३ रा गुस्ताव मदतीसाठीं पुन्हा मोऱ्यालाच आला, आणि शेतकरी पुन्हा उठले. १९०१ मध्यें सार्वत्रिक लष्करी सेवेचा कायदा होऊन रोटांची पद्धति संपुष्टांत आली. मग पलटणीला फालून शहरीं बराकी मिळाल्या. २००० मध्यें काटकसरीच्या धोरणानें ती मोडण्यांत आली. रशियाची धास्ती वाढल्यावर २०२० च्या डिसेंबरांत स्वीडिश पार्लमेंटनें ती फालून येथेंच पुन्हा उभारण्याचा निर्णय घेतला. एकमेकांवर आडवे ठेविलेले दोन बाण, दालार्नाचें जुनें चिन्ह, तिच्याकडे परत आलें. रास्क आणि मूदिग हीं नांवें आतां साध्या आडनांवांच्या रूपानें उरलीं आहेत.