‘तेवढाच वेळ जातो’ म्हणे!

कुणाच्या सुनेने खणाच्या पर्सचे दुकान घातले, कुणाच्या बहिणीने हाताने रंगवलेल्या साड्यांसाठी गाळा घेतला, की लग्नकार्यात चौकशी होते. उत्तर ठरलेले असते : “हो ना, तेवढाच वेळ जातो तिचा.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. उलट कौतुकच असते. माझे भांडण या कौतुकाशी आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. प्रतिपक्षाला दुबळा करून त्याला हरवण्यात पुरुषार्थ नाही. (शब्द सवयीने आला, या लेखात तो जरा विनोदीच दिसतो.) प्रतिपक्ष म्हणतो : धंदा त्यालाच म्हणावे, ज्यात पोट पणाला लागलेले असते. बाईच्या अशा हौशी दुकानामागे बहुधा नवऱ्याचा पगार उभा असतो. दुकान बुडाले तरी घर बुडत नाही. शिवाय कला आणि हिशेब यांचे गोत्र जुळत नाही. हौस असलेली बाई स्वतःला आवडेल तो माल करते, गिऱ्हाइकाला हवा तो नव्हे. आणि अशी दुकाने वाढत नाहीत. एका गाळ्यात उघडतात, तिथेच मिटतात. हे म्हणणारे पुष्कळदा स्वतः व्यापारात मुरलेले असतात आणि बंद पडलेली बुटिके त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही.

पैशापासून सुरुवात करू. 2013-14च्या सहाव्या आर्थिक गणनेत स्त्रियांच्या मालकीच्या 80 लाखांवर आस्थापना नोंदल्या गेल्या, एकूण आस्थापनांच्या सुमारे 14 टक्के. त्यांतल्या जवळपास 79 टक्के स्वतःच्या पैशावर उभ्या होत्या. प्रतिपक्ष लगेच म्हणेल, “बघा, घरचाच पैसा!” थोडे थांबावे. त्याच गणनेत देशातल्या सगळ्या आस्थापना धरून हेच प्रमाण सुमारे 78 टक्के होते. मग फरक कुठे राहिला? वडिलांच्या फंडाच्या पैशातून मोबाइलचे दुकान घालणारा मुलगा ‘भांडवल उभे करतो’. बायको नोकरी करते म्हणून दोन वर्षे तोट्यात धंदा रेटणारा नवरा ‘धडपड्या’ ठरतो. आणि पाटल्या गहाण ठेवून गाळ्याचे डिपॉझिट भरणारी बाई मात्र ‘नवऱ्याच्या जिवावर’? पाटल्या कुणाच्या होत्या?

इथे एक परदेशी साक्षीदार उभा करावासा वाटतो, कारण त्याची उलटतपासणी सोपी आहे. 1976च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटन गावात अनिता रॉडिक या बाईंनी ‘द बॉडी शॉप’ नावाचे सौंदर्यप्रसाधनांचे छोटे दुकान उघडले. त्यासाठी त्या बँकेकडे 4,000 पौंडांचे कर्ज मागायला गेल्या, त्या बॉब डिलनचे चित्र असलेला टी-शर्ट घालून, लहान मुलींना घेऊन. कर्ज नाकारले गेले. नंतर त्याच बाई रीतसर कपड्यांत, टंकलिखित योजना घेऊन, नवऱ्याला बरोबर घेऊन गेल्या. कर्ज मिळाले. कल्पना तीच होती आणि रक्कमही तीच. मग दोन भेटींच्या मधे बँकेला सापडले काय? आता ‘नवऱ्याच्या जिवावर’ या आरोपाचे पाहू. दुकान उघडल्यावर थोड्याच दिवसांत हे पतिराज घोड्यावरून ब्यूनोस आयरेस ते न्यूयॉर्क प्रवास करण्याची जुनी इच्छा पुरी करायला दक्षिण अमेरिकेला निघून गेले. दोन मुली आणि दुकान बाईंकडे. छंद कुणाचा आणि धंदा कुणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

रॉडिकबाईंचे दुकान ‘कलात्मक’ होते म्हणून गाजले, असे सांगतात. त्या कलात्मकतेचा उगम पाहण्यासारखा आहे. भिंती गडद हिरव्या का? ओल आणि डाग झाकायला. बाटल्या परत आणून भरून घ्या असे गिऱ्हाइकाला का सांगितले? पुरेशा बाटल्या विकत घ्यायला पैसे नव्हते. माल मोजकाच, मग फळ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून तोच माल लहानमोठ्या आकारांत मांडला. याला हिशेबाचा अभाव म्हणायचे? हा तर हिशेबच आहे, फक्त वहीऐवजी भिंतीवर आणि फळीवर मांडलेला.

आता आपल्याकडच्या प्रदर्शनात या. खणाच्या पर्स मांडलेल्या टेबलामागे जी बाई बसते, तिच्या चलनबुकाची मागची बाजू बघावी. आकडे समजुतीसाठी धरतो. गावोगाव बदलतील, रीत तीच राहील. खण 70 रुपये, अस्तर 25, आतला फोम 20, चेन आणि रनर 15, शिवणाऱ्या बाईंची मजुरी 80, टॅग आणि पिशवी 10. झाले 220. पर्सची किंमत 450. सुटतात 230. दोन दिवसांच्या स्टॉलचे भाडे 6,000. म्हणजे सत्ताविसावी पर्स विकली जाईपर्यंत ती बाई हॉलच्या मालकासाठी काम करत असते. हे तिला पाठ असते. गुळेदगुड्डचा खण विणून येतो तेव्हा काठ कुठे येईल आणि पर्सच्या झाकणावर तो सरळ बसावा म्हणून किती कापड वाया जाईल, हेही तिला ठाऊक असते. उरलेल्या कतरणीचे ती कानातले करते, चाळीस रुपयांना विकते आणि वाया गेलेले कापड वसूल करते. जांभळा रंग पडून राहतो, हिरवा दुपारपर्यंत संपतो, म्हणून पुढच्या खेपेला जांभळ्याचा ताका घ्यायचाच नाही, हे तिने कुठल्या संस्थेत शिकलेले नसते. गिऱ्हाईक मात्र पर्स उलटसुलट करून म्हणते, “तुळशीबागेत दोनशेला मिळते की!” मिळते. पण तिथे काठ सरळ बसलेला नसतो. जास्तीच्या पैशांत ही नजर विकली जाते. नजर विकून पैसे करणे हा धंदा नसेल, तर सराफाने घडणावळ कशाची घ्यावी?

दुसरी साक्ष फॅशन डिझायनर मेरी क्वांट यांची. 1955 साली लंडनच्या किंग्ज रोडवर ‘बझार’ हे त्यांचे दुकान सुरू झाले. पुढे त्या स्वतःच कपडे बेतू लागल्या; काम राहत्या खोलीत. दिवसभरात जे विकले जाई, त्या पैशांतून कापड यायचे, रात्रीत शिवून व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात लागायचे. वाचायला ही ओढाताण वाटते, आणि होतीच. पण व्यापारात मुरलेल्या आपल्या प्रतिपक्षाला माझा प्रश्न आहे : भांडवल रोज फिरते, माल पडून राहत नाही, गिऱ्हाइकाला दर फेरीत नवे काही दिसते, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? पेठेतला कुठलाही कापडवाला अशा उलाढालीसाठी नवस बोलेल.

राहिला वाढीचा मुद्दा. प्रतिपक्ष म्हणेल, रॉडिक आणि क्वांट अपवाद आहेत. मान्य. पण अपवाद कुठल्या नियमाचे? आमच्या गल्लीतले किराणा दुकान तीन पिढ्या त्याच गाळ्यात आहे. त्याची एकही शाखा निघाली नाही. त्या शेटजींना आजवर कुणी ‘तेवढाच वेळ जातो तुमचा’ असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. न वाढणे हा पुरावा असेल, तर तो दोघांनाही लावा.

शिवाय वाढू न देणारा कोण, हेही पाहा. दुसऱ्या दुकानासाठी पैसे हवे होते तेव्हा बँकेने रॉडिकबाईंना पुन्हा नकार दिला. नाइलाजाने त्यांनी अर्धा धंदा 4,000 पौंडांना एका ओळखीच्या माणसाला विकला. 1984 साली कंपनी शेअर बाजारात आली. 2006 साली लोरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या बड्या कंपनीने ती 65 कोटी 20 लाख पौंडांना घेतली. त्या 4,000 पौंडांचे काय झाले असेल, याचा गुणाकार ज्याचा त्याने करावा. बाईच्या दुकानाला छंद समजण्याची किंमत इतक्या रोकड्या स्वरूपात क्वचितच दिसते.

प्रतिपक्षाचा एक आरोप मात्र मी खोडणार नाही. हिशेबात या बाया कुठेतरी चुकतात. क्वांट यांनीही सुरुवातीला हॅरॉड्स या लंडनच्या महागड्या दुकानातून किरकोळ भावाने कापड आणले. घाऊक बाजार म्हणून काही असतो हे त्यांना माहीत नव्हते. आपल्या पर्सवाल्या बाईंची चूक निराळी आहे. वरच्या 220 रुपयांत काय नाही, ते पुन्हा वाचून पाहा. शिवणाऱ्या बाईंची मजुरी आहे. जिने नमुना काढला, रंग जुळवले, बाजार गाठला, दोन दिवस टेबलामागे उभी राहिली, तिची मजुरी नाही. तो रकानाच नाही. का नाही, असे विचारले तर ती हसून म्हणते, “माझं काय, घरीच असते मी. वेळ जातो.”

वाक्य ओळखीचे वाटले? तिने ते आपल्याकडूनच उचलले आहे. आधी आपण तिला सांगितले की तिचा वेळ नुसता जातो. मग तिने त्याचे पैसे धरले नाहीत. मग नफा दिसेना. आणि आता तोच तोटा आपण पुरावा म्हणून न्यायालयात दाखल करतो. स्वतःच्या मेहनतीचे पर्समागे साठ रुपये तिने धरले, तर 220चे 280 होतात. मग ती पर्स 450 ला नव्हे, 510 ला मिळायला हवी. आणि तरीही त्या टेबलापाशी कुणीतरी विचारेलच : “थोडं कमी करा ना, घरीच तर बनवता!”