विमान कंपनीचा कामगार कोण? झाडलोटीच्या एका खटल्याचा इतिहास

आमच्या विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गाला एक तरुण येतो. रात्रपाळीत तो विमानांची सफाई करतो. प्रवासी उतरले की पुढचे प्रवासी चढायच्या आत सीटखालचा कचरा, ट्रे, संडास, सगळे स्वच्छ झाले पाहिजे. मी त्याला विचारले, "कुठल्या विमान कंपनीत आहेस?" तो म्हणाला, "कंपनीत नाही दादा, ठेकेदाराकडे आहे." गळ्यातले आयकार्डसुद्धा ठेकेदाराचे. विमान ज्या कंपनीचे, तिच्या लेखी हा पोरगा तिचा कामगारच नाही.

हा प्रश्न आजचा नाही. विमान कंपनीचा कामगार नेमका कोण, यावर या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली. ती पायलटांनी लढली नाही. झाडलोट करणाऱ्यांनी लढली.

विमान क्षेत्रातले वाद म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, पायलटांचे संप. २०१२ साली एअर इंडियाच्या पायलटांचा संप ५८ दिवस चालला, रोज बातम्या झळकल्या. दुसरी, हवाई सुंदरींचा खटला. पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी जायची, पहिले गरोदरपण आले तरी जायची. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची अट मात्र कायम ठेवली. त्या लढ्याचे मोल मोठेच आहे. पण हे दोन्ही लढे कंपनीच्या हजेरीपटावर असलेल्यांचे होते. हजेरीपटावर नावच नसलेल्यांचे काय?

त्यांची गोष्ट ९ डिसेंबर १९७६ ला सुरू होते. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्याच्या कलम १० नुसार सरकार एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी घालू शकत होते. त्या दिवशी केंद्र सरकारने अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ पुसणे आणि राखण या कामांसाठी कंत्राटी कामगार लावायला मनाई झाली. वर्षभर चालणारे आणि रोज लागणारे काम करायला मध्ये ठेकेदार कशाला, हा त्यामागचा साधा विचार.

मग एअर इंडियात ही कामे ठेकेदारामार्फत कशी चालली? युनायटेड लेबर युनियन हाच प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. एअर इंडियाचा बचाव ऐकण्यासारखा आहे. ती म्हणाली, आमच्यासाठी 'योग्य सरकार' केंद्र नव्हे, राज्य सरकार आहे. म्हणून केंद्राची अधिसूचना आम्हाला लागू नाही. संसदेच्या १९५३ च्या कायद्याने जन्मलेले महामंडळ, मालक भारत सरकार, आणि झाडूवाल्याला कायम करायची वेळ आली की केंद्राशी नातेच तुटते!

नोव्हेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा बचाव फेटाळला. प्रमुख निकालपत्र न्या. के. रामस्वामी यांचे. एअर इंडियासाठी केंद्र हेच योग्य सरकार आहे, कंत्राटावर बंदी आली की मधला ठेकेदार गळून पडतो आणि कामगाराचे नाते थेट मूळ मालकाशी जोडले जाते, म्हणून या कामगारांना सामावून घ्या, असे न्यायालयाने सांगितले. त्याआधी उलटेच घडू शकत होते. कंत्राट बंद झाले की ठेकेदार जायचा आणि त्याच्याबरोबर कामगारही रस्त्यावर यायचा. ज्याच्या भल्यासाठी बंदी, त्याचीच भाकरी जायची.

हा विजय पाच वर्षेही टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एअर इंडियाचा निकाल पुढच्या काळापुरता मोडीत काढला. प्रत्येक आस्थापनेचा वेगळा विचार न करता सरसकट बंदी घातली, या कारणाने १९७६ ची अधिसूचनाही रद्द झाली. ज्यांना निकालानुसार सामावून घेतले गेले होते, ते तेवढे वाचले. बाकीच्यांनी औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊन कंत्राट बनावट आहे हे सिद्ध करायचे. पुरावा कामगाराने द्यायचा, आणि कागदपत्रे सगळी मालक-ठेकेदाराच्या कपाटात!

शेवटचा घाव संसदेने घातला. सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कंत्राटी कामगारांना बंदी आहे ती आस्थापनेच्या 'मुख्य' कामात. मुख्य नसलेल्या कामांची यादीही दिली आहे. त्यात काय आहे? झाडलोट, सफाई, धूळ पुसणे, राखण. १९७६ मध्ये जी कामे बंदीसाठी निवडली, जवळपास तीच कामे २०२० मध्ये कंत्राटासाठी मोकळी केली.

या कायद्यांत 'जात' हा शब्द नाही. पण झाडू कोणाच्या हातात असतो, हे आपल्याला कायद्याने सांगावे लागत नाही. पायलट मुख्य आणि सफाईवाला बाहेरचा, ही विभागणी वर्णव्यवस्थेच्या ओळखीची आहे. पूर्वी माणूस गावकुसाबाहेर होता, आता तो हजेरीपटाबाहेर आहे. शिवाय ठेकेदाराकडे आरक्षण नसते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि तिथल्या पुढच्या भरतीतले आरक्षणही संपले.

काही कार्यकर्ते म्हणतात, "आपण झाडू सोडायचा आहे, झाडूवर कायम व्हायची लढाई कशाला?" आक्षेप प्रामाणिक आहे. पण झाडू सुटतो कसा? पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि उद्याची खात्री असलेल्या घरातले पोरगे कॉलेजात जाते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरच्या बापाचे पोरगे बहुतेक वेळा बापाच्या जागी उभे राहते. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य कामगाराला खालच्या कामावरच डांबून ठेवले जाते, वर चढू दिले जात नाही, हे त्यांनी त्याच परिषदेत मांडले. आत शिरणे आणि वर चढणे या एकाच लढाईच्या दोन पायऱ्या आहेत.

म्हणून दोन कामे आपल्याकडे येतात. कायम कामगारांच्या युनियनमध्ये आपले जे लोक आहेत, त्यांनी विचारावे: कंत्राटी सफाई कामगाराला सभासद का करत नाही? आणि वस्तीत काम करणाऱ्यांनी प्रत्येक कंत्राटी कामगाराला एक सवय लावावी: पगाराची पावती, हजेरीचा फोटो, गेटपास, सगळे जपून ठेवायचे. उद्या न्यायाधिकरणात हेच कागद बोलतील.

आमच्या त्या तरुणाने आता एक फाईल केली आहे. पहिल्या पानावर त्याचे आयकार्ड आहे, ठेकेदाराच्या नावाचे.

जय भीम!